नॉर्मल म्हणजे मी

सुकापूर मागे टाकून नेऱ्याच्या रस्त्याला लागलं की या दिवसांत संध्याकाळी गाडीची काच खाली करावी. आधी पेंढा जळल्याचा वास येतो, मग त्याच्या मागून भांबुर्ड्याच्या पाल्याचा. ओव्याच्या जवळ जाणारा, पण ओव्यापेक्षा रांगडा. भातं कापून झाली, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरला, दवावर तो फुलला, शेंगा भरल्या, की आमच्या भागात पोपटीचे दिवस सुरू होतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मग मडकं शेतातच उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात. पनवेल, पेण, अलिबाग, कुठंही विचारा, प्रत्येकाच्या गावची पोपटी सगळ्यात भारी असते.

त्या वासानं बाकीच्यांची भूक खवळते. मला मात्र बसवत नाही. प्रयोगशाळेत असले तर खुर्चीतून उठते, फ्रीज उघडते, कशाला उघडला ते विसरते, बंद करते. घरी असले तर नवीन पनवेलच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत येरझाऱ्या घालते. नवरा म्हणतो, ‘‘आली तुझी पोपटी.’’ तो मूळचा सांगलीचा, त्याला यातलं खाण्यापलीकडे काही कळत नाही, पण एवढं कळतं. या आठवड्यात तर पायाला भिंगरीच लागली आहे, कारण माझ्या रक्ताचा रिपोर्ट यायचा आहे. दरवर्षी याच दिवसांत मी एक नळी रक्त देते आणि दरवर्षी तो येईपर्यंत स्वतःलाच नकोशी होते. मला आजार काही नाही. मग रक्त कशाला देते, ते सांगायचं तर चार हिवाळे मागं जावं लागेल.

माझा जन्म नेऱ्याचा. आगऱ्याची मुलगी, पण पुस्तकात डोकं घातलं ते बाहेर काढलंच नाही, आणि फिरत फिरत रक्तातल्या मूळपेशींपाशी येऊन थांबले. गेली कित्येक वर्षं मी त्याच पाहते. हाडांच्या आतल्या मज्जेत अगदी थोड्या पेशी अशा असतात, की त्या स्वतः फारसं काही करत नाहीत, निवांत पडून असतात. पण तुमच्या-आमच्या अंगातलं रक्त, तांबडं-पांढरं सगळं, जन्मभर त्यांच्यापासूनच तयार होतं. त्यांच्यापैकी एखादीचं बिनसलं की तिची पिलावळ मोठी होऊन काही बनतच नाही, नुसती वाढत राहते आणि बाकीच्यांची जागा खाते. त्यालाच ल्युकेमिया म्हणायचं, रक्ताचा कॅन्सर. हे मी एकदा आईला समजावून सांगितलं तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, ‘‘म्हंजे शिकत नाय, कमवत नाय, नुसती खातान आन वाडतान. आपल्या आळीतली पोरं सांगतंस का काय?’’ इतकी चांगली व्याख्या मी कुठल्याच परिषदेत ऐकली नाही. आई गेली ते बरंच झालं, असं मी त्या हिवाळ्यात मनाशी म्हणाले. तिला तिच्याच घरात ही पोरं बघावी लागली नाहीत.

हरेश माझा धाकटा भाऊ. न्हावा शेवाला क्रेनवर असतो, उंच केबिनमध्ये बसून कंटेनर उचलतो आणि ठेवतो. गडी कसा, तर पायऱ्या चढताना गाणं म्हणणारा. त्या वर्षी भाऊबीजेला मी त्याला ओवाळत होते. निरांजनाच्या उजेडात त्याच्या हातावर निळे-जांभळे डाग दिसले, लहान लहान, बरेच. विचारलं तर म्हणाला, ‘‘शिडीवर लागलं असंल.’’ दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का, तर येतं. दम लागतो का, तर आताशा लागतो. मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, ‘‘ऊठ, गाडीत बस.’’ त्याची बायको सुनंदा माझ्यावर जाम भडकली. ओवाळणं अर्ध्यावर टाकतात का कुठं, तेही भाऊबीजेचं. तिचं चुकलं नव्हतं. पण मी तोवर गाडीची किल्ली घेऊन दारात पोचले होते.

पुढचं सगळं इस्पितळात. मी ज्यांना रोज काचपट्टीवर पाहते त्या पेशी हरेशच्या रक्तात होत्या, एवढंच सांगते. औषधांनी त्या हटल्या. त्याचे केस गेले, वजन गेलं, गाणं गेलं. हरेशच्या डॉक्टर माझ्याहून वयानं लहान, कमी बोलणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, ‘‘आत्ता दिसत नाहीयेत. पण तुम्हाला काय सांगायचं, मॅडम.’’ खरंच काही सांगायचं नव्हतं. त्या दिसत नसल्या तरी कुठंतरी दडून बसतात आणि पुन्हा येतात, यावरच तर माझा पगार चालतो. एकच उपाय होता, त्याची मज्जा पुरती रिकामी करायची आणि दुसऱ्या कुणाच्या मूळपेशी तिथं वसवायच्या. घरातल्यांची तपासणी झाली. त्याची मुलगी ऋतुजा अर्धी जुळली. मी पूर्ण जुळले. लहानपणी आम्ही दोघं एका ताटात जेवायला बसलो तर तिसऱ्या घासाला मारामारी व्हायची, पण हे जुळलं. मी आनंदानं इतकी फुगले की दोन दिवस प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगत सुटले.

आता प्रयोगशाळेची एक रीत सांगते, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. आजारी रक्त तपासायचं तर शेजारी चांगलं रक्त ठेवावं लागतं, तुलनेला. त्याला आम्ही ‘नॉर्मल’ म्हणतो. हे नॉर्मल आणायचं कुठून? रक्तपेढीशी पत्रव्यवहार करा, वाट बघा, त्यापेक्षा सकाळी जो पहिला हाती लागेल त्याला म्हणायचं, बाही वर कर. संमतीची सही घ्यायची, सुई टोचायची, वर एक कटिंग चहा पाजायचा. जगभरच्या प्रयोगशाळांत हे असंच चालतं. आमच्याकडे सगळ्यात आधी येते ती मी. त्यामुळे वर्षानुवर्षं आमच्या प्रयोगांतलं नॉर्मल म्हणजे बहुतेक वेळा मी. विद्यार्थी थट्टा करायचे, ‘‘मॅडम आज नॉर्मल आहेत का?’’ मीही म्हणायचे, ‘‘या इमारतीत मी सोडून नॉर्मल आहे कोण?’’

त्या हिवाळ्यात आमचा एक नवा अभ्यास चालू होता. माणूस ठणठणीत असताना त्याच्या मूळपेशींत बारीकसारीक बदल कधीपासून होऊ लागतात, ते शोधायचा. आजाऱ्यांचे नमुने होते, वेगवेगळ्या वयांचे नॉर्मल होते. माझी सहकारी रेश्मा शेख त्याची आकडेमोड करत होती. रेश्मा तळोज्याची, माझ्याइतकीच उतावळी, म्हणून आमचं जमतं. एका दुपारी चहाचे कप घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, ‘‘मॅडम, एक नॉर्मल जरा गडबड आहे. पन्नाशीच्या आसपासची बाई. एका पेशीत बदल झालाय आणि तिची वंशावळ इतरांपेक्षा वाढलीय. छोटीच आहे, पण आहे. कोण आहे ही? तिला सांगायला हवं ना?’’

पन्नाशीच्या आसपासची बाई आमच्याकडे एकच होती.

रेश्माला ते माझ्या तोंडाकडे बघून कळलं. तिनं कप ठेवला, ‘‘या खुदा,’’ एवढंच म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी तिला म्हटलं, ‘‘अगं, हे वयोमानानं होतं, केस पिकावेत तसं. तूच मला दहा वेळा ऐकवलंयस.’’ ते खरंही आहे. वय वाढलं की कितीतरी धडधाकट माणसांच्या मज्जेत अशी एखादी पेशी निघते, जरा जास्त पोरं घालते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. बहुतेकांचं पुढं काहीच होत नाही. थोड्यांचं होतं. त्या थोड्यांत कोण जाणार, ते कुणालाच सांगता येत नाही. मलाही येत नाही, आणि मी तेच शोधायला बसलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

माझी स्वतःची भीती मला त्या दुपारी वाटलीच नाही, ती नंतर आली. तेव्हा डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. ही पेशी हरेशला जाणार. एका बिघडलेल्या वस्तीतून त्याला कसंबसं बाहेर काढायचं आणि नव्या वस्तीत मीच हिला पाठवायची. आणि नाही द्यावं म्हटलं, तर दुसरं पूर्ण जुळणारं कुणी नाही. मी उठले, हात धुतले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग रेश्मालाच बरोबर घेऊन त्याच संध्याकाळी डॉक्टरबाईंकडे गेले.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘‘आपण शोधत नाही म्हणून आपल्याला झोप लागते. चाळिशी-पन्नाशीच्या किती दात्यांमध्ये हे असेल आणि आम्ही न बघता घेतलं असेल.’’ मग दोन वाटा सांगितल्या. माझ्या पेशी, पूर्ण जुळलेल्या, पण आत हे एवढंसं. किंवा ऋतुजाच्या, तरण्याताठ्या, पण अर्ध्याच जुळलेल्या, म्हणजे त्यांचे धोके वेगळे. ‘‘मला विचाराल तर तुमच्याच घ्याव्यात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण त्याला सांगायला हवं. आणि तुमच्या तोंडून आलेलं बरं.’’

मी आयुष्यभर अवघड गोष्टी सोप्या करून सांगत आले. शाळांमध्ये व्याख्यानं दिली, पेशंटांच्या नातेवाइकांना कागदावर गोल काढून दाखवले. पण आपल्याच भावाला ‘मी तुला जे देणार आहे त्यात किडका दाणा आहे’ हे कसं सांगायचं, ते मला येईना. गाडीत बसून मी वाक्यं जुळवत होते. पनवेल स्टेशनच्या बाजूनं पुलाखाली येईपर्यंत एक जुळायचं आणि सुकापूरला ते मलाच खोटं वाटायचं.

औषधांच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत हरेशला घरी सोडलं होतं. रक्त जरा सावरलं होतं, तोंडाला मास्क लावून मोकळ्यावर बसायला परवानगी होती. तो रविवार होता आणि चुलत्यांच्या पोरांनी शेतात पोपटी लावली होती. हरेशला धुरापासून लांब, बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. दरवर्षी मडकं तोच लावायचा. आता लांबून सूचना देत होता, पाला कमी पडला, जाळ एकाच अंगाला जास्त झाला, आणि पोरं ‘हो काका, हो काका’ म्हणून आपल्या मनानं करत होती. पोपटी झाली की नाही हे बघायला मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारतात आणि आवाज ऐकतात. त्यावर दरवर्षी वाद. कुणाला चर्र ऐकू येतं, कुणाला नुसतं फुस्स. मी म्हटलं, ‘‘झालं असेल, काढा आता.’’ हरेश हसला. ‘‘हिला लानपनापासून कच्च्याच शेंगा आवडतान.’’

मी त्याच्या शेजारी बांधावर टेकले आणि जुळवलेलं एकही वाक्य न म्हणता सांगून टाकलं. माझ्या रक्तात असं असं निघालंय. आज काही नाही, उद्या कदाचित काहीच होणार नाही. पण होऊही शकतं. तुझ्यात गेल्यावर काय करेल, ते मला माहीत नाही. कुणालाच नाही.

त्यानं पोरांना हातानंच जाळ कमी करायची खूण केली. मग मास्कच्या आतून म्हणाला, ‘‘डोक्यात तुझ्या पयल्यापासून कायतरी हायच. आता रक्तात पन निघालं.’’

‘‘हरेश, थट्टा नको. तुला ठरवायचंय. ऋतुजाचंही घेता येतं.’’

‘‘पोरीला नको.’’ हे त्यानं लगेच म्हटलं. मग माझ्याकडे वळून, ‘‘ताई, आमच्याकडं बोटीवरून येवडे कंटेनर उतरतान. आत काय हाय, ते क्रेनवाल्याला कुठं म्हाईत असतं? कागद बरोबर हाय, सील शाबूत हाय, की उचलायचा. आत काय हाय ते बगत बसलो तर एक बोट खाली होयाची नाय. तुजं सील शाबूत हाय ना?’’

‘‘सील म्हणजे?’’

‘‘म्हंजे तू चालतंस-फिरतंस, वरडतंस. मंग उचला.’’

मला राग आला. खरं सांगते, डोळ्यांत पाणी येण्याआधी राग आला. एवढी मोठी गोष्ट आणि हा माणूस बंदराच्या भाषेत मिटवतो. मी त्याला सांगत सुटले, की हे असं चालत नाही, धोका समजून घे, प्रश्न विचार. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘तुजं घेतलं नाय तर?’’ मी बांधावरची एक काडी उचलून मोडली. ‘‘मंग?’’ तो म्हणाला. तेवढ्यात पोरांनी मडकं फोडलं. वाफ उसळली, वास आला, आणि त्याला त्यातली एक शेंग खायची परवानगी नव्हती. शेतातली माती, उघड्यावरचं अन्न, काही चालत नव्हतं. तो खुर्चीत बसून सगळ्यांना खाताना बघत होता. मीही खाल्ली नाही. सुनंदानं माझ्यापुढं पानात शेंगा ठेवल्या त्या तशाच गार झाल्या.

मग हरेशला पुन्हा दाखल करून त्याची मज्जा रिकामी करणारी औषधं सुरू झाली, आणि इकडे माझी इंजेक्शनं. मूळपेशी मज्जेतून बाहेर रक्तात याव्यात म्हणून देतात ती. कंबर, मांड्या, छातीचं हाड, सगळं आतून ठणकत होतं. मूळपेशी जागा सोडतात हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलंय, त्याला एवढं दुखतं हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी यंत्राला जोडलं. एका हातातून रक्त जातं, फिरतं, दुसऱ्या हातातून परत येतं. आपण नुसतं पडून राहायचं. मला पडून राहणं जमत नाही. नाक खाजलं तरी हात हलवायचा नाही. नर्सनं दोनदा दटावलं. वर टांगलेल्या पिशवीत हळूहळू टोमॅटोच्या सारासारखं काहीतरी जमत होतं. मी ज्या पेशी थेंबाथेंबानं वेगळ्या करते, ज्यांच्यासाठी विद्यार्थ्यांना रडवते, त्या पिशवीभर. आणि त्यांत ती एक आणि तिची पोरं. मी पिशवीकडे बघत होते, जणू ती मला ओळखू येणार होती.

त्याच दिवशी ती पिशवी हरेशच्या खोलीत सलाईनच्या खांबाला लागली. बाहेर उभी राहून मी काचेतून बघत होते. एवढं सगळं करून शेवटी ते इतकं साधं असतं, एक पिशवी, एक नळी. आतल्या फोनवरून त्यानं विचारलं, ‘‘आता ह्या हाडात कशा जानार?’’ मी म्हटलं, ‘‘जातात आपापल्या. त्यांना वाट सापडते.’’ ‘‘आन चुकल्या तर?’’ मी म्हटलं, ‘‘माझ्या आहेत, चुकणार नाहीत.’’ असं खात्रीनं बोलायचं नसतं, हे मी दुसऱ्या कुणालाही बजावलं असतं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट. जुनी मज्जा पुरती संपलेली, नवी अजून रुजलेली नाही. त्या मधल्या काळात माणसाला साधी सर्दीही भारी पडते. रोज सकाळी रक्त घ्यायचे आणि पांढऱ्या पेशी शून्य. पुन्हा शून्य. तो तापानं फणफणलेला, तोंड आतून सोललेलं. सुनंदा मास्क-टोपी घालून त्याच्याजवळ, मी बाहेर. कॉरिडॉरमध्ये मी इतक्या चकरा मारायचे की सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, ‘‘बाई, एका जागी बसा, मला पुसता येत नाय.’’ जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. ज्ञानाचा काडीचा उपयोग नव्हता. उलट त्याचाच त्रास. सुनंदाला रोज आजची भीती वाटत होती. मला आजची वाटत होती आणि आणखी दहा वर्षांनंतरचीही.

एकदा तिनं घरी कुकरमध्ये वालाच्या शेंगा शिजवून आणल्या. भांबुर्ड्याचा पाला सात पाण्यांतून धुऊन, डॉक्टरांना विचारून, खाली घातला होता. डबा उघडल्यावर तो वास त्या काचेच्या खोलीत पसरला. हरेशनं दोन दाणे तोंडात घेतले, गिळताना डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाला, ‘‘ही पोपटी नाय, ही आमटी हाय.’’ सुनंदा रडायला लागली. मला मात्र बरं वाटलं, कारण कित्येक दिवसांत त्यानं कशाला नावं ठेवली नव्हती.

आणि मग एका सकाळी शून्य नव्हतं. अगदी थोड्या, पण पांढऱ्या पेशी होत्या. दुसऱ्या दिवशी जास्त. डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसून म्हणाल्या, ‘‘रुजल्या.’’ मी इस्पितळाच्या जिन्यात बसले आणि खूप रडले. हातातली पर्स खाली गडगडत गेली, ती एका म्हाताऱ्या आजोबांनी वर आणून दिली.

आता हरेश पुन्हा क्रेनवर आहे. केस आले, आधीपेक्षा कुरळे. पहिलं वर्षभर माझ्या पेशी त्याच्या कातडीशी भांडत होत्या, अंगभर खाज आणि चट्टे. तो म्हणायचा, ‘‘बहीन शोभतंस.’’ त्याचा रक्तगट पूर्वी बी होता, आता माझा ओ आहे. कुणी विचारलं तर विचारतो, पयला सांगू का आताचा? त्याच्या अंगात आता त्याचं स्वतःचं रक्त नाही. हाडांत बसलेल्या सगळ्या मूळपेशी माझ्या, त्यातून होणारं सगळं रक्त माझं. दरवर्षी पोपटीच्या दिवसांत आम्ही दोघंही एकेक नळी देतो. ती पेशी माझ्यात किती वाढली, त्याच्यात किती वाढली. आमच्या संस्थेत आता मला कुणी नॉर्मल म्हणून घेत नाही. सकाळी रेश्मा बाही वर करते.

इथवर लिहून ठेवलं होतं, आणि परवा रिपोर्ट आले. आम्ही दोघंही डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. हरेशचा चांगला आहे. ती पेशी त्याच्यात होती तेवढीच, एका कोपऱ्यात मुकाट. माझ्यात मात्र ती थोडी वाढली आहे. ‘‘घाबरण्यासारखं काही नाही,’’ बाई म्हणाल्या, ‘‘पण आता वर्षानं नको, जरा लवकर लवकर बघू.’’ मी मान डोलावली. हेच वाक्य मी दुसऱ्यांना कितीदा समजावून सांगितलं आहे, पण आपल्याला ऐकवलं की ‘लवकर’ म्हणजे किती, याचेच हिशेब सुरू होतात. आणि मला मत्सरही वाटला, का लपवू. माझ्याच पेशी, त्याच्याकडे शहाण्यासारख्या नांदतात आणि माहेरी धिंगाणा घालतात. मी बाहेर येऊन पाणी प्यायले. हरेश आतच थांबला होता, बाईंशी काहीतरी बोलत. मला वाटलं, औषधाचं विचारत असेल.

येताना कळंबोलीच्या सर्कलला अडकलो. पुढं-मागं न्हावा शेवाचे ट्रेलर. एरवी हरेश अशा वेळी कुठला कंटेनर कुठल्या कंपनीचा ते रंगावरून सांगत बसतो. परवा त्याचं ट्रेलरकडे लक्षच नव्हतं. मी स्टिअरिंगवर बोटं आपटत होते.

‘‘ताई,’’ तो म्हणाला, ‘‘मी बाईंना एक विचारलं.’’

‘‘काय?’’

‘‘बोललो, उद्या ताईचं कमी-जास्त झालं तर माजं काडता येल का तिला द्यायला? मी आता ठणठणीत हाय, वय पन कमी हाय. आन जुळतं की नाय ते बगायला नको, पयलंच बगितलेलं हाय.’’

‘‘मग काय म्हणाल्या त्या?’’

‘‘हसल्या. बोलल्या, तुमच्या ताईलाच इचारा.’’

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येईल असं. अरे, तुझं आता आहे काय तुझ्याकडे? तू देशील ते माझंच, आणि त्यात तीच पेशी, जिच्यामुळे मला दुसऱ्याचं रक्त लागणार. तुझं घेऊन माझा काही उपयोग नाही, हरेश. ज्याला मला काहीच देता येणार नाही असा या जगात एकच माणूस आहे, आणि तो तू. मी त्याच्याकडे वळले. त्यानं शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडली होती, इंजेक्शनच्या जुन्या खुणांवरून अंगठा फिरवत होता, आणि शाळेत बक्षीस मिळाल्यावर घरी यायचा तसा समोर बघत होता. चार वर्षं त्याच्या मनावर माझ्याकडून घेतल्याचं ओझं होतं, आणि मला ते कधी सुचलंच नव्हतं.

‘‘चालेल,’’ मी म्हटलं. ‘‘लागलं तर तुझंच घेईन.’’

‘‘नक्की ना?’’

‘‘नक्की.’’

‘‘बग हां,’’ तो म्हणाला. ‘‘मना सोडून दुसऱ्या कुनाला इचारलंस तर भांडान होयाचं.’’